बारवेतला सोन्याचा वर्ख

बायनाबाईचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. पुस्तकांत घुसणाऱ्यांची गर्दी आधीच पुष्कळ आहे. पण आभाळातून येणाऱ्या अदृश्य कणांचा धडा शिकवायला मी वर्गात उभा राहिलो की माझ्या डोळ्यांपुढे तीच येते. चकलांब्याच्या शेतकऱ्याची लेक, दिंद्रुडपासून कोसभरावरच्या एका वाडीत दिलेली, कोपरापर्यंत गोंदलेली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. म्हातारपणी आसपासच्या सासुरवाशिणी घरातून भांडून निघाल्या की आधी तिच्या ओट्यावर येऊन बसत, आणि ती हातातलं काम टाकून त्यांचं ऐकत बसे, असं सांगतात. या गोष्टीतली बायनाबाई अजून तशी झालेली नव्हती. मी तिला पाहिलेलं नाही. मला हे सगळं माझ्या आईच्या मामांनी, मोहनरावांनी सांगितलं. ते त्या गोष्टीत होते, आणि सांगताना दर वेळी त्यांचा चहा गार होऊन जाई.

काळ निजामाचा. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत, आणि मोहनराव तिथल्या सरकारी मदरशात शिकवत. पदार्थविज्ञानाला नाव होतं इल्म-ए-तबीयात. मराठी पोरांनीही ते तसंच घोकायचं. मोहनराव हैदराबादेत शिकत असताना त्यांच्या एका प्राध्यापकांनी एक कोडं त्यांच्या डोक्यात सोडून दिलं होतं, आणि ते काही केल्या बाहेर निघत नव्हतं.

कोडं असं. काचेच्या बरणीच्या तोंडाला गंधकाचं बूच बसवायचं. त्यातून धातूची एक दांडी आत सोडायची आणि तिच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं टांगायची. मिठाईवर लावतात तसला, फुंकर मारली तर उडून जाईल असा वर्ख. काचेची कांडी रेशमाच्या फडक्यावर घासून दांडीच्या वरच्या गोळीला लावली की पानांत वीज शिरते, आणि दोन्हींत एकाच जातीची वीज असल्यामुळं ती एकमेकांपासून फाकतात. आता बरणी बाजूला ठेवा. कुणी हात लावू नका. तरीही काही वेळानं पानं हळूहळू मिटू लागतात. म्हणजे त्यांच्यातली वीज कुठंतरी निघून जाते. कोरडी हवा वीज नेत नाही. मग हवेचे कण फोडून त्यातून विजेचे सुटे तुकडे करणारं तिथं काहीतरी असलं पाहिजे. युरोपात लोक असली यंत्रं घेऊन फुग्यातून आभाळात गेले, कुणी ती तळ्याच्या पाण्यात बुडवली. उंचावर पानं भराभर मिटली, खोल पाण्यात सावकाश. म्हणजे जे काही होतं ते वरून येत होतं, आणि माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट पाण्यातूनही थोडंसं खाली झिरपत होतं. ते काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोहनरावांपाशी ना फुगा, ना तळं. कधी न आटणारी खोल बारव त्यांना हवी होती, आणि ती त्यांना या वाडीत मिळाली.

ती इतकी मोकळी का मिळाली, ते आता सांगितलं पाहिजे. बायनाबाईला एकच लेक, कौशल्या. घरात कौसा. तिला गोदाकाठच्या एका गावात दिली होती. लग्न झालेली पोर माहेरी यायची ती मुराळ्याबरोबर. भाऊ नाहीतर चुलता न्यायला जाई, सासरचे निरोप देत, मग पोर निघे. कौसा एका उन्हाळ्यात भर दुपारी एकटीच चालत आली. काखेत गठुडं, आणि न्यायला तर कुणी गेलेलंच नाही. अशी आलेली पोर घरात घेतली की सासरचं दार तिला कायमचं बंद, आणि बायनाबाई रीतीची मोठी पक्की. ती उंबऱ्यातून हललीच नाही.

"आल्या पावली माघारी जा," ती म्हणाली. "मुराळी धाडते, मंग ये."

कौसा वळली आणि गेली. बायनाबाई जात्यावर बसली. सांजेला कुणीतरी बारवेच्या पायरीवर ते गठुडं पाहिलं.

गठुडं नीट ठेवलेलं होतं. उन्हातून आलेली पोर पाणी प्यायला उतरली आणि शेवाळावरून तिचा पाय गेला, असं वाडी तोंडावर म्हणाली. पाठीमागं वेगळंच म्हणाली. दोन्ही म्हणणाऱ्यांनी पाहिलं काहीच नव्हतं. पाय घसरला की पोरीनं उडी टाकली, एवढं एकच बायनाबाईला कळायला हवं होतं. घसरला असेल तर आपले शब्द तिला लागले नाहीत, असं तिनं मनाशी धरलेलं. टाकली असेल तर आपणच ढकलली. जगातलं दुसरं काहीही कळलं नसतं तरी तिचं चाललं असतं.

तेव्हापासून बारव वाईट झाली. पायऱ्या उतरताना आपल्यामागून आणखी कुणीतरी उतरतं, आपण थांबलो की तेही थांबतं, असं बाया सांगत. सकाळी त्या घोळक्यानं पाण्याला जात आणि एकमेकींना नावानं हाक मारत नसत, न जाणो हाकेला दुसरंच कुणी ओ द्यायचं. बायनाबाईचा नवरा शहादेव बैलं लांबच्या ओढ्यावर नेऊ लागला. नवराबायकोत पोरीचा विषय निघत नसे. फक्त बायनाबाई रोज तिन्हीसांजेला एकटी उतरे, पाण्याच्या वरच्या कोनाड्यात करडईच्या तेलाची पणती लावे आणि मागं न बघता वर येई.

मोहनराव आले ते फाल्गुनात, बैलगाडीत पेटारा आणि दोराचं वेटाळं घेऊन. पाटील भगवानरावांनी त्यांची उतरायची सोय केली आणि चावडीत माणसं जमवली. मोहनरावांनी समजावून सांगितलं: वरून काहीतरी येतं, दिसत नाही, ऐकू येत नाही, दगडातून, पाण्यातून, माणसाच्या अंगातून आरपार जातं, आणि ते कोण हे अजून सापडलेलं नाही. वाडीनं शांतपणे माना डोलावल्या. एवढंच सांगायला हा माणूस मोमिनाबादेहून आला, याचंच त्यांना नवल.

"मास्तर," रामहरी नावाचा शेतकरी म्हणाला, "तुमाला सापडलं नसंल. आमाला तर त्याचं नाव बी ठावं हाय." मग बायनाबाई बायांत बसलेली आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो खाली बघू लागला.

दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी एक पितळी पेटी मेणानं बंद करून दोरानं पाण्यात सोडली. तिच्यातही तसलीच पानं होती. ताडून बघायला एक उघड्या गोळीची बरणी हवेत ठेवायची होती. वारा लागत नाही अशी जागा एकच, तो कोनाडा. तिथं पणती होती. मोहनराव भारी काटेकोर माणूस. त्यांनी कोनाड्यातली जाळी झाडली, दगड पुसला, ओल शोषणारं मीठ ठेवलं. पण पणती हलवावी हे त्यांच्या मनात आलंच नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं लावलेला दिवा कुणी उचलत नाही, आणि तो सामानात धरायचा तर मुळीच नसतो. उलट त्यांनी चपला काढल्या, पणतीला हात जोडले आणि बरणी तिच्या शेजारी ठेवून दिली. इतका शिकलेला माणूस, आणि त्या क्षणी तो वाडीतल्या कुणाहीपेक्षा वेगळा नव्हता. मला त्यांचा याबद्दल राग येत नाही, लोभच वाटतो.

त्या सांजेला मोहनराव पाटलांकडे जेवायला गेलेले. बायनाबाई उतरली. बरणीत पानं चांगली फाकलेली होती. तिनं वात पेटवली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती दोन पानं हलली, थरथरली आणि एकमेकांना येऊन मिटली. ती तशीच वर पळाली आणि घरी कुणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या सांजेला मात्र ती ठरवून गेली. पणती हातात धरून आधी बोलली, मग पेटवली. "कौसा, पाय घसरला असंल तर पानं मीट." पानं मिटली.

त्या घरात नंतर जे झालं ते मोहनरावांना पुष्कळ मागाहून शेजारपाजाऱ्यांकडून कळलं. बायनाबाईनं शहादेवला गोठ्यात गाठलं. "पाय घसरला तिचा," म्हणाली. "तिनंच सांगितलं." शहादेव बैलाच्या गळ्यात हात टाकून रडला. पाडव्याला त्या घरात कितीतरी वर्षांनी पुरण शिजलं. बायनाबाई दळताना ओव्या म्हणू लागली, आणि तिचा आवाज मुळात इतका गोड आहे हे वाडीत नव्यानं आलेल्या सुनांना तेव्हा समजलं. रोज सांजेला ती तोच प्रश्न विचारी आणि तेच उत्तर घेऊन वर येई.

इकडं मोहनरावही हवेत. सकाळी येऊन बघावं तर कोनाड्यातली पानं मिटलेली. एकदा ते दिवस कलेपर्यंत थांबले, तोवर पानं शाबूत होती. म्हणजे जे घडत होतं ते सूर्य बुडताना घडत होतं! अज्ञात किरण मावळतीला वाढतात असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तो हैदराबादला कळवूनही टाकला. आपलं नाव आता विलायतेपर्यंत जाणार असं त्यांना वाटत होतं. मनाजोगतं उत्तर मिळालं की माणूस पुढं काही विचारत नाही. त्यात बायनाबाई अडाणी आणि मास्तर शिकलेले असा काही भेद नव्हता.

मग एक दिवस बायनाबाई तापानं फणफणली आणि पणती लागली नाही. सकाळी मोहनराव बघतात तर पानं उघडीच, फक्त थोडी सैल पडलेली. यंत्र बिघडलं म्हणून त्यांनी दांडी तपासली, बूच तपासलं. मग त्यांची नजर कोरड्या वातीवर गेली. त्यांनी आगपेटी काढून ती वात पेटवली. पानं पटकन मिटली. मोहनराव त्याच पायरीवर डोकं धरून बसले. ज्योत म्हणजे तापून फुटलेली हवा, विजेच्या सुट्या तुकड्यांनी भरलेली. ती पानांतली वीज क्षणात शोषून नेते. हे ते दरवर्षी मदरशात पोरांना शिकवत होते.

आज आपल्याला त्या पाहुण्याबद्दल बरंच ठाऊक आहे. कुठल्यातरी दूरच्या ताऱ्याच्या स्फोटातून सुटलेले कण वातावरणाच्या माथ्यावर आदळतात, फुटतात आणि त्यातून नव्या कणांचा सडा पडतो. जमिनीपर्यंत पोचतात ते बहुतेक म्यूऑन नावाचे. हा कण जन्मतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी मरतो. खरं तर त्यानं वाटेतच संपायला हवं, पण तो इतका वेगात असतो की आपल्या घड्याळानं बघता त्याचं आयुष्य लांबतं, आणि तो खाली पोचतो. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात कितीतरी तुमच्या तळहातातून निघून गेले. आपल्याकडं कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर बसून लोकांनी त्यांची टेहळणी केली. अलीकडं तर याच कणांनी पिरॅमिडच्या पोटातली कुणाला माहीत नसलेली पोकळी दाखवून दिली. आणि आणखी दुर्मीळ कण शोधणारे लोक याच म्यूऑनना चुकवण्यासाठी डोंगराखाली प्रयोगशाळा बांधतात. तिथं खरा वेळ कण शोधण्यात जात नाही. आपणच नकळत लावून ठेवलेली पणती शोधण्यात जातो. भांड्याच्या धातूतला किरणोत्सर्ग, दगडातून पाझरणारा वायू, माणसाच्या अंगावरची धूळ, सगळं एकेक करून बाजूला काढायचं. मोहनरावांच्या बरणीत दिव्याविना जी पानं मिटत, त्यातलाही बराच वाटा बारवेच्या ओलीचा आणि दगडाचा असणार. आभाळाचा वाटा त्यात अगदी थोडा. पण तो होता.

मोहनराव बायनाबाईच्या घरी गेले. तिचा ताप उतरला होता. पणती दुसरीकडं लावा एवढंच सांगून ते परतले असते तर बरं झालं असतं, असं ते मला पुन्हा पुन्हा म्हणत. पण ती म्हणाली, कावून? आणि मास्तराला कुणी का म्हणून विचारलं की त्याला राहवत नाही. त्यांनी बरणी आणून ओट्यावर ठेवली, पानं फाकवली, दिवा जवळ नेला. पानं मिटली. दिवा लांब ठेवून पुन्हा फाकवली. पानं तशीच राहिली.

बायनाबाईचा चेहरा बघता बघता उतरला. "म्हंजी तिनं न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं. कोण, काय सांगितलं, हे मोहनरावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं सगळं सांगितलं, उंबऱ्यापासून. शहादेव दारात उभा होता. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"दिवा नसला तर मिटतच न्हाईत का?" तिनं मग विचारलं.

"मिटतात. लई सावकाश. तेच तर मी शोधतोय."

"मंग दिव्याबिगर मिटली तर ते खरं?"

मोहनराव हो म्हणाले. "शब्दाला शब्द खरा होता," ते मला सांगत, "आणि मी तिला फसवत होतो. दिव्याशिवाय पानं मिटणार हे मला पक्कं माहीत होतं. तिला पाहिजे ते उत्तर मिळेल आणि ती सुटेल, एवढाच विचार केला मी."

दुसऱ्या सकाळी बायनाबाई न्हाऊन, दिवा न घेता बारवेत उतरली आणि कोनाड्यासमोरच्या पायरीवर बसली. ओलीनं पानं लवकर मिटावीत म्हणून मोहनरावांनी कोनाड्यातलं मीठ काढून घेतलं, आणि पानं अगदी थोडीच फाकवली. तिनं मोठ्यानं विचारलं, "कौसा, पाय घसरला असंल तर मीट." आवाज दगडावरून फिरून आला. मग दोघं बसून राहिले. ऊन पायरी पायरीनं खाली उतरत होतं आणि बारवेत पाण्याचं टपटपणंही ऐकू येत होतं. आपल्या दोघांशिवाय तिथं तिसरं कुणीतरी श्वास धरून बसलंय, असं आपल्याला त्या दिवशी वाटलं, हे मोहनराव उतारवयातही नाकारत नसत. भुतावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या दुपारी मानेवर काटा आला हेही खरं होतं. पानं जवळ येत येत दुपारपर्यंत मिटली.

आता ती उठेल, हात जोडेल, असं त्यांना वाटलं. ती जागची हलली नाही.

"परत उघडा," ती म्हणाली.

मोहनरावांनी कांडी घासली. पानं फाकली.

"कौसा," बायनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यापेक्षा बारीक झाला होता, "तू उडी टाकली असशील तर मीट."

मोहनरावांनी कांडी खाली ठेवली. "मावशी, नका. ती मिटणारच हायत. काय बी इचारलं तरी मिटणार."

"ठावं हाय. काल तुमी व्हय म्हनलात तवाच तुमच्या तोंडावर दिसलं मला. बसा."

ते बसले. वर कधीतरी पावलं वाजली. शहादेव इतक्या वर्षांत पहिल्यांदा बारवेच्या काठावर आला होता आणि वरच्या पायरीवर उभा राहिला होता. खाली ऊन पाण्यावरून निघून गेलं. पानं हळूहळू एकमेकांकडं सरकत राहिली आणि शेवटी चिकटली.

बायनाबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती मिटलेल्या पानांकडं बघतच बोलली.

"मास्तर, सकाळधरनं मी हितं बसून ह्या बरनीला इचारतीया. पाय घसरला का. उडी टाकली का. धा येळा इचारीन, उद्या बी इचारीन."

मोहनराव कांडी फडक्यात गुंडाळू लागले. ती पुढं बोलली.

"त्या दिशी एवढ्या उनाची माजी पोर दारात उभी व्हती. तिला 'कावून आलीस गं' एवढं इचारलं न्हाई मी."

वर शहादेव पायरीवर खाली बसला.